डोळे मिटल्यावर तुम्हाला घर दिसतं का?

सड्यावरची | ९ मे, रात्री १०:५०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ घर देवगड तालुक्यात. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, शेणाने सारवलेली जमीन. ते पाडून अकरा वर्षं झाली. येत्या जूनमध्ये आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे. ती त्याच घरात जन्मली, म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की तिला त्या घराचं चित्र काढून द्यायचं, आतल्या सगळ्या खोल्यांसकट. अडचण अशी की आमच्याकडे जे फोटो आहेत ते सगळे खळ्यातले. मुंजीचे, लग्नाचे. मागे तुळस आणि अर्धी पडवी, बस. आतला एकही नाही.

गेल्या रविवारी माझा चुलत भाऊ आणि मी कागद घेऊन बसलो. दादा डोंबिवलीला असतो. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "थांब, मी आत जातोय." मग तो बोलत गेला. ओटीवरून माजघरात आला. भिंतींना निळीची झाक आहे. देवळीच्या वर चिमणीची काजळी धरलीय. आजीचं लुगडं दांडीवर आहे, हिरवं. दुपारची वेळ आहे, जमिनीवर उन्हाचा कवडसा पडलाय आणि त्यात धूळ फिरतेय. "पश्चिमेच्या खिडकीतून येतोय," तो म्हणाला.

मी म्हटलं, दादा, माजघराला पश्चिमेला खिडकीच नव्हती. त्या भिंतीपलीकडे रांधपाची खोली होती.

तो म्हणाला, "अगं पण मला कवडसा दिसतोय ना! तुला नाही दिसत?"

मला नाही दिसत. मला काहीच दिसत नाही. डोळे मिटले की काळोख. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि आजवर समजत होते की "डोळ्यांसमोर उभं राहिलं" हे बोलायची पद्धत आहे, जसं आपण "काळीज तुटलं" म्हणतो. लोकांना खरोखर काहीतरी दिसतं हे मला त्या रविवारी कळलं.

आता यातला चमत्कार बघा. नकाशा मी काढला. ओटीवरून माजघरात जाताना उंबरा, तिथून डावीकडे देवाची खोली, उजवीकडे बाळंतिणीची खोली, मागे रांधपाची खोली, तिच्या मागे न्हाणी आणि विहिरीकडे उतरणाऱ्या चार पायऱ्या. घर गेलं तरी जोतं अजून शाबूत आहे, रान माजलंय त्यावर. गावातल्या पुतण्याने जाऊन टेप लावला. माझी एकही भिंत हातभरही चुकली नव्हती. दादाने काढलेल्या नकाशात देवाची खोली नको त्या बाजूला होती आणि रांधपाची खोली अर्धीच.

म्हणजे घर मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे आणि तरी दिसत नाही. मग मला जे आठवतं ते कशाचं बनलंय?

आणि ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा चेहरा मला आणता येत नाही. फोटो समोर आला की ओळखते, सगळं दाटून येतं, फोटो उलटा ठेवला की काही नाही. गेल्या रविवारपर्यंत मला वाटायचं सगळ्यांचंच असं होतं. आता कळतंय की दादाला त्याचे काका, म्हणजे माझे बाबा, हसताना दिसतात. सख्ख्या मुलीला दिसत नाहीत. चार दिवस मनातून जात नाहीये.

तुम्हाला दिसतं का?

---

रातांबा | ९ मे, रात्री ११:३५

ताई, मला सगळं दिसतं, मागितलं नाही तरी दिसतं. तुमचं लिखाण वाचताना तुमचं माजघर मी बांधूनसुद्धा टाकलं, लुगड्याची दांडी कुठे आहे ते पण ठरवलं. ते तुमचं घर नाही हे कळतं, तरी आता तेच राहणार.

सविस्तर उद्या लिहितो.

---

मनोवाटा | १० मे, सकाळी ७:१५

सड्यावरची, आधी एक सांगते. तुमच्यासारखी बरीच माणसं आहेत आणि यात आजार असं काही नाही. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे या विषयावर थोडं जास्त लिहीन.

ज्यांना मनात चित्र उमटतच नाही अशा अवस्थेला इंग्लंडमधल्या एक्सेटरचे मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये अफॅन्टेशिया असं नाव दिलं. अ‍ॅरिस्टॉटल मनातल्या प्रतिमेच्या शक्तीला फॅन्टेशिया म्हणे, त्यापुढे नकाराचा अ लावला. आपल्या अ-शक्य, अ-दृश्य मधला तोच अ. झीमन यांच्याकडे आधी एक साठी ओलांडलेले गृहस्थ आले होते. हृदयावरच्या उपचारानंतर त्यांची चित्रं अचानक बंद झाली होती. त्यांची हकिगत प्रसिद्ध झाल्यावर एकेक करून माणसं पुढे आली, "आम्हाला तर जन्मापासून असंच आहे" म्हणत. कसोटी किती कडक लावता त्यावर आकडा बदलतो, पण शंभरात एकापासून चारपर्यंत माणसं अशी असावीत. दुसऱ्या टोकाला रातांबा यांच्यासारखे, ज्यांची चित्रं जवळजवळ प्रत्यक्षासारखी. त्याला हायपरफॅन्टेशिया म्हणतात.

नाव नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे. १८८० मध्ये इंग्लंडमधले संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी लोकांना एक साधा प्रश्न पाठवला: आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल मनात आणा आणि सांगा, उजेड किती आहे, कडा स्पष्ट आहेत का, रंग दिसतात का. त्यांचे मामेभाऊ चार्ल्स डार्विन यांनीही त्याला उत्तर दिलं. काही जणांनी लिहिलं की सगळं लख्ख दिसतंय, आणि काही जणांनी लिहिलं की "मनातलं चित्र" हा शब्दप्रयोग आम्ही आजवर अलंकार समजत होतो. ताई, तुम्ही काल रात्री लिहिलेलं वाक्य जवळजवळ हेच आहे. गॉल्टन यांनी त्यावरून वैज्ञानिकांना चित्रं कमी दिसतात असा निष्कर्ष काढला होता, तो पुढे तपासला तेव्हा टिकला नाही. पण माणसामाणसांत फरक आहे हा भाग पक्का राहिला.

आणि चेहऱ्याचं म्हणाल, तर ज्यांना चित्रं दिसत नाहीत ते अनेक जण नेमकं हेच दुःख सांगतात. त्याचा प्रेमाशी संबंध नाही.

---

जांभाचिरा | १० मे, दुपारी १:२०

धागा आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

दादाच्या डोक्यात काय आहे ते ताईंना दिसत नाही आणि ताईंच्या डोक्यातलं दादाला. दोघांकडे फक्त शब्द आहेत. कदाचित दोघांच्या मनात अगदी सारखंच काहीतरी होत असेल. एक त्याला "दिसतं" म्हणतो, दुसरी म्हणते "ठाऊक आहे". एकाला वरण तिखट लागतं, दुसऱ्याला अळणी, पण पातेलं एकच. तर हा फरक खरा आहे, भाषेचा नाही, हे कुणी कसं ठरवलं?

---

तांडेल | १० मे, रात्री ९:०५

मालवणातून. आमचं घराणं मासेमारीचं.

मालवणच्या बंदराबाहेर पाण्याखाली खडप, म्हणजे बुडालेले खडक, भरपूर. सिंधुदुर्गाची जागा महाराजांनी निवडली त्यात या खडपांचा वाटा मोठा, परक्या गलबताला वाट सापडू नये. आमच्या बाबांनी जीपीएस येण्याआधी तीस वर्षं होडी हाकली. खुणा धरून जायचे. डोंगरातली अमुक घळ देवळाच्या कळसावर आली आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा तो बुरूज माडाच्या आड गेला, की खाली दगड आहे, वळायचं.

मी हा धागा बाबांना वाचून दाखवला आणि विचारलं, तुम्हाला खडप दिसतं का डोळे मिटून? ते म्हणाले, "माका काय दिसणा नाय. पण खडप खंय असा ता माका ठावूक असा. तू काळोखात उठान घागरीकडे जातस मां? तसा."

मग मी स्वतःकडे बघितलं. मला दिसतं. घळ दिसते, कळस दिसतो. आणि बाबांच्या निम्म्यानेही मला वाट कळत नाही. कुठे बघायचं ते मला दिसतं, मी कुठे आहे ते त्यांना कळतं.

---

मनोवाटा | ११ मे, सकाळी ६:५०

तांडेल, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी घागरीचं जे सांगितलं ते समजायला संशोधकांची बरीच वर्षं गेली.

मनातल्या चित्राला निदान दोन अंगं आहेत. एक रूपाचं: रंग, पोत, चेहरा, उजेड. दुसरं जागेचं: काय कुठे आहे, किती लांब, कसं वळतं. मेंदूत या दोन कामांच्या वाटा बऱ्याच वेगळ्या आहेत आणि अपघातात एक बिघडून दुसरी धड राहिलेले रुग्ण पाहिले गेले आहेत. सड्यावरची यांच्याकडे दुसरं अंग भक्कम आहे आणि पहिलं जवळजवळ नाही. दादांकडे उलट. जोत्यावर टेप लावून तुम्ही जी परीक्षा घेतलीत, तसाच एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अफॅन्टेशिया असलेल्या ६१ जणांना आणि इतर काही जणांना खोल्यांचे फोटो दाखवले, मग ते काढून घेऊन आठवणीतून चित्र काढायला सांगितलं. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरला. पण जे काढलं ते जागच्या जागी होतं, आणि जे फोटोत नव्हतंच असं काही घुसडण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली.

"नव्हतंच असं काही" हे वाचून मला तुमची पश्चिमेची खिडकी आठवली.

दर्यावर्दी लोकांचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. पॅसिफिकमधल्या कॅरोलाइन बेटांवरचे नावाडी शेकडो मैल होकायंत्राविना जात. वाटेत ते एका बाजूच्या, क्षितिजापलीकडच्या, न दिसणाऱ्या बेटाला धरून हिशेब ठेवतात. त्या हिशेबात त्यांची होडी जागच्या जागी असते आणि ते बेट ताऱ्यांखालून मागे मागे सरकत जातं. बेट कुणालाच दिसत नसतं, तरी ते नेमकं कोणत्या ताऱ्याखाली आलंय हे नावाडी सांगतो. याला चित्र म्हणायचं की जाण? माझ्या मते ही जागेची कल्पना आहे, तीही डोळ्यांच्या चित्राइतकीच खरी.

जांभाचिरा, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्यावर पन्नास वर्षं भांडण झालंय. संध्याकाळी लिहिते, तास आहे.

---

तुळशीवृंदावन | ११ मे, सकाळी १०:४०

गुहागरहून लिहिते. वय बहात्तर. नात टाइप करून देते आहे.

मी रोज अथर्वशीर्ष म्हणते. त्यात देवाचं रूप सांगितलंय, एक दात, चार हात, पाश, अंकुश, तांबडं वस्त्र. आमचे गुरुजी म्हणायचे, म्हणताना रूप डोळ्यांपुढे आणा. माझ्यापुढे कधी आलं नाही. पन्नास वर्षं मी समजत आले की माझं चित्त शुद्ध नाही, भक्ती उणी आहे. कुणाला बोलले नाही. शेजारच्या वहिनी सांगायच्या की त्यांना मूर्ती लख्ख दिसते, तेव्हा मी मान हलवायचे.

बाळ, तुझ्या बाबांबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी देवघरात जाऊन बसले थोडा वेळ. तुला एवढंच सांगते की म्हणताना माझ्या अंगावर काटा येतो तो खरा असतो. चित्र नसताना येतो.

---

सड्यावरची | ११ मे, सकाळी ११:१०

आजी, काय लिहू. तुम्ही पन्नास वर्षं कुणाला बोलला नाहीत, आणि इथे बोललात.

---

मनोवाटा | ११ मे, रात्री ८:३०

आता जांभाचिरा यांच्यासाठी.

१९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, या दोन्ही एकच आहेत का, फक्त फिरवलेल्या? उत्तराला लागणारा वेळ फिरवण्याच्या कोनाबरोबर सरळ रेषेत वाढत गेला, सेकंदाला सुमारे ६० अंश. जणू मनात वस्तू खरोखर फिरवावी लागते. मग १९७८ मध्ये स्टीफन कॉसलिन आणि सहकाऱ्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला लावला. त्यावर झोपडी, विहीर, झाड, तळं अशा सात खुणा. नंतर नकाशा न बघता मनातल्या मनात एका खुणेवरून दुसरीवर जायचं. जेवढं अंतर जास्त, तेवढा वेळ जास्त. कॉसलिन म्हणाले, बघा, मनात चित्र आहे.

झेनॉन पिलिशिन यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं बरंचसं तुमच्यासारखं होतं: मनात चित्र नसतं, वर्णन असतं, आणि लांब जायला वेळ लागतो हे माणसाला माहीत असल्यामुळे तो नकळत तेवढा वेळ घेतो. हा वाद चित्रवाद विरुद्ध विधानवाद म्हणून कैक वर्षं चालला. सड्यावरची यांच्यासारखी माणसं समोर आल्यावर मला तरी वाटतं की "माणसाच्या मनात काय असतं" असं एकच उत्तर शोधणं हीच त्यातली अडचण होती.

"शब्दांचा फरक असेल" या शंकेवर मात्र आता शब्दांशिवाय उत्तर आहे. उजेडात डोळ्याची बाहुली आकसते, हे सगळ्यांना ठाऊक. पण नुसती उजेडाची कल्पना केली तरी ती थोडी आकसते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की अफॅन्टेशिया असलेल्यांत हे आकसणं आढळत नाही. प्रत्यक्ष उजेड दाखवला तर त्यांची बाहुली नेहमीसारखी आकसते. मग ते प्रयत्नच करत नसतील का? तर एकाऐवजी चार आकृत्या मनात आणायला सांगितल्यावर त्यांच्या बाहुल्या ताणामुळे मोठ्या झाल्या, इतरांसारख्याच. म्हणजे कष्ट होते, चित्र नव्हतं. बाहुली काही ठरवून खोटं बोलत नाही.

त्याच मंडळींचा आणखी एक प्रयोग. काळोख्या खोलीत भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्या. त्यातली एक अशी, तुम्ही समुद्रात पोहताय, किनाऱ्यावरचे लोक तुमच्याकडे बोट दाखवताहेत, लाटांत काहीतरी काळं चमकलं. इतरांच्या कातडीला घाम सुटत गेला, यंत्रावर दिसला. अफॅन्टेशियावाल्यांची रेघ जवळजवळ सपाट राहिली. पण भीतीदायक फोटो दाखवले तेव्हा दोन्ही गटांना सारखाच घाम.

गोष्टीतली भीती आपल्यापर्यंत पोचते ती बऱ्याच अंशी चित्राच्या वाटेने, असा याचा अर्थ मी घेते. तुळशीवृंदावन आजींचा काटा दुसऱ्या वाटेने येतो, नादाच्या आणि सवयीच्या. ती वाट मला कमी प्रतीची वाटत नाही.

---

जांभाचिरा | ११ मे, रात्री ९:१५

बाहुलीचं पटलं. माझा मुद्दा मी मागे घेतो. पातेली दोन आहेत.

---

रातांबा | १२ मे, रात्री १२:४०

उशीर झाला. लिहू की नको करत होतो.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा मी पहिल्या मजल्यावर होतो. ते पाणी मला आजही दिसतं. आठवतं असं नाही म्हणत मी, दिसतं. रंग, त्यावर तरंगणारा निळा गॅस सिलिंडर, शेजाऱ्यांच्या दाराची वरची चौकट तेवढी बाहेर. दुकानात गिऱ्हाईक असताना येतं, जेवताना येतं. पावसाचा आवाज नको, नुसता मातकट रंग पुरतो.

ताई, तुम्हाला बाबा दिसत नाहीत याचं दुःख मी समजू शकतो. पण दिसणं हे नुसतं दान असतं असं समजू नका. माझी आई गेली तेव्हाचा दवाखान्यातला चेहराच मला पहिल्यांदा दिसतो. तिचा चांगला, चुलीपुढचा चेहरा आणायला मला तो बाजूला सारावा लागतो, रोज.

---

मनोवाटा | १२ मे, सकाळी ७:००

रातांबा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मनातल्या चित्रांना डोळ्यांचीच यंत्रणा लागते, म्हणून एका वेळी दोन कामं आली की ओढाताण होते. यावर आधारून एमिली होम्स यांच्या गटाने २००९ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना अपघातांची विदारक दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस, तो पडणारे ठोकळे जुळवायचा खेळ, खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं आपसूक आठवण्याचं प्रमाण कमी होतं. ताज्या आठवणीवरचा प्रयोग आहे, तुमची आठवण जुनी आहे, म्हणून खेळ सुचवत नाहीये. पण आपणहून येणाऱ्या चित्रांवर काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत, आणि पाच वर्षं झाली म्हणून वेळ टळली असं होत नाही. समुपदेशकाकडे जाताना "विचार येतात" असं सांगू नका, "चित्रं दिसतात" असं सांगा. फरक पडतो. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

---

शाडूमाती | १४ मे, दुपारी ३:३०

आमची कुडाळजवळ गणेशशाळा आहे. आषाढात पाट आले की कामाला लागतो. लोकांना वाटतं की मूर्तिकाराला मूर्ती आधी दिसते आणि मग तो ती मातीत उतरवतो. माझ्या भावाला दिसते. मला नाही.

मी मातीला हात लावतो आणि जे होत जातं त्यातलं चूक काय ते मला कळतं. सोंड जड झाली, खांदा उतरला, हे नव्हे, हे नव्हे, असं करत एका क्षणी "हो" येतं. डोळ्यांची आखणी भाऊ करायचा, कारण नजर कुठे जाणार ते त्याला आधीच दिसायचं. गेली चार वर्षं तो नाही, मी करतो. पहिल्या वर्षी हात थरथरत होता. आता एक डोळा काढतो, मागे सरतो, भक्त बसेल तिथे जाऊन बसतो, परत येतो. वेळ दुप्पट लागतो. नजर बरोबर बसते.

---

मनोवाटा | १४ मे, सायंकाळी ६:१०

शाडूमाती, संगणकावरची चित्रं हलती करणाऱ्या पिक्सार कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांना मनात काहीही दिसत नाही. त्यांनी ते जाहीर सांगितलंय.

---

कातळवेडा | १५ मे, सकाळी ८:२०

सड्यावरची हे नाव बघून धागा उघडला, म्हणून सड्यावरचंच सांगतो.

रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवरची, कातळशिल्पं मी सुट्टीच्या दिवशी बघत फिरतो. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. या शिल्पांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. आज आपण ती ड्रोनने बघतो आणि "काय सुंदर हत्ती" म्हणतो. पण खोदणारा माणूस जमिनीवर उकिडवा बसलेला होता. त्याच्या पुढ्यात हातभर रेघ. आसपास चढून बघावं असं उंच काही नाही, सडा सपाट. तरी पाठीची कमान कुठे उतरवायची हे त्याला कळत होतं.

मी याआधी नेहमी म्हणायचो की त्याच्या मनात अख्खं चित्र असणार. तांडेल यांच्या बाबांचं वाचल्यापासून तेवढी खात्री वाटत नाही. पावलं मोजत, वळणं लक्षात ठेवत, चालूनही हत्ती काढता येईल. पुढच्या रविवारी तिथे जाऊन कडेने चालून बघणार आहे.

---

हातखूण | १६ मे, रात्री १०:००

मी जन्मापासून दृष्टिहीन. मोबाइल वाचून दाखवतो, त्यावरून हा धागा ऐकला.

तुमच्या सगळ्या चर्चेत मला माझी जागा सापडली म्हणून लिहितो. वेंगुर्ल्यात आमचं घर आहे, त्याचा नकाशा मी सड्यावरची यांच्यासारखाच सांगू शकतो. माझ्या मनात तो हाताच्या पोहोचेचा असतो. उंबऱ्याची झीज, खांबाचा गारवा, पडवीत आवाज मोकळा होतो आणि माजघरात जवळ येतो. मनात वस्तू फिरवायचा जो प्रयोग वर आला, तो १९७६ मध्ये जन्मांध माणसांवर हाताने चाचपायच्या आकृत्या देऊन केला होता. त्यांनाही कोन वाढला तसा वेळ जास्त लागला. आम्हीही फिरवतो, डोळ्यांशिवाय.

ताई, तुमच्या बाबांचा आवाज तुम्हाला येतो का? हात आठवतात का?

---

सड्यावरची | १६ मे, रात्री ११:२५

हातखूण, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवला होता.

आवाज येत नाही. हात... हो. दिसत नाहीत, पण मला माहीत आहे की ते डाव्या हाताने पेला धरायचे आणि उजव्या हाताचा अंगठा कधी पूर्ण सरळ व्हायचा नाही. अंगणात चालताना माझं बोट धरत नसत, मनगट धरत. आत्ता हे लिहिताना माझ्या मनगटाला ते कळलं. कुठे, किती घट्ट, सगळं.

हे मी आजवर मोजलंच नव्हतं. मी फक्त चेहरा शोधत होते.

---

तांडेल | १७ मे, सकाळी ६:३०

ताई, खिडकीचं काय ठरलं?

---

सड्यावरची | १७ मे, सकाळी ९:००

काहीच नाही. दादा ऐकत नाही, मीही ऐकत नाही. माझी भिंत पक्की आहे, त्याचा कवडसा पक्का आहे. चित्रकार मुलगी विचारतेय की उजेड कुठून दाखवू. आत्याला विचारलं तर भेट फुटेल. बघते.

---

सड्यावरची | १४ जून, रात्री १०:१५

महिन्याने आले, क्षमा असावी. आमच्याकडे पाऊस सुरू झाला. सहस्रचंद्रदर्शन काल झालं, छान झालं.

शेवटी कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी आम्ही आत्यासमोर नकाशा मांडलाच. ती चष्मा लावून खूप वेळ बोट फिरवत राहिली. ओटी, देवाची खोली, न्हाणी. भिंतींबद्दल एक शब्द बोलली नाही, म्हणजे बरोबर असाव्यात. दादाने विचारलं, आत्या, माजघराला पश्चिमेला खिडकी होती ना?

ती म्हणाली, "खिडकी खंयची? थंय काचेचा कौल होता."

आम्ही दोघे बघतच राहिलो. छपराच्या पश्चिमेच्या उतारावर एक काचेचं कौल होतं, आतल्या काळोखासाठी. दुपार कलली की त्यातून ऊन आत यायचं. दादाला कवडसा दिसत होता तो खरा होता. खिडकी त्याच्या मनाने मागाहून लावून दिली, कवडशाला कुठून तरी यायला हवं म्हणून. आणि मी भिंती मोजल्या, खोल्या मोजल्या, उंबरे मोजले, पण छपराकडे गेलेच नाही, कारण छपरापर्यंत मी कधी चालत गेले नव्हते.

आत्या पुढे बोलत होती. "कवडसो मधल्या खांबाक लागलो की आये च्यायचा आधण ठेवी. घड्याळ खंय होता तेवा?" मग माझ्याकडे वळली. "तुझ्या बापाशीन बसवलेलो तो कौल. चवदा वर्सांचो होतो. कोणाक न विचारता चढलो वर, आणि आबांनी मार दिलो तेका. मगे दुसऱ्या दिवशी आबाच जेवान तेच्या उजेडात बसले."

ही गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. बाबांनीही नाही.

रातांबा, तुमचा निरोप मिळाला, पहिल्या दोन भेटी झाल्या हे वाचून बरं वाटलं. कातळवेडा, तुम्ही कशेळीला चालून आलात का ते लिहा. तुळशीवृंदावन आजींना नमस्कार.

चित्र आत्याच्या खोलीत लागलंय. माजघराच्या जमिनीवर कवडसा आहे, मधल्या खांबाला नुकताच टेकलेला, आणि पश्चिमेची भिंत कोरी आहे. बाहेरच्या बाजूने घर दाखवलंय तिथे छपरावर एक छोटा निळसर चौकोन आहे. पन्हळीपासून वर सातवी ओळ. सातवी, हे आत्याने बोटांवर मोजून सांगितलं.